पंगत, वर्गणी आणि हिशेब : इटलीतील ग्रामभोजनाचा इतिहास



इटली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक रोमन साम्राज्याचे आणि दुसरे मॅझिनी-गॅरिबाल्डींचे. सावरकरांचे मॅझिनीवरील मराठी पुस्तक १९०७ साली निघाले, तेव्हापासून हे दुसरे चित्र मराठी घरांत शिरले ते आजतागायत. परंतु आज मी जो इतिहास सांगणार आहे तो राजवाड्यातला नाही आणि रणांगणावरचाही नाही. तो गावच्या चौकातल्या चुलाणापाशी घडलेला आहे. रांधले कोणी, पैसे कोणी दिले, जेवले कोण आणि शिल्लक कोठे गेली, हे चार प्रश्न विचारीत आपण दीडदोनशे वर्षांतून जाऊ. मी कामगार संघटनेतला माणूस. वर्गणीच्या पावत्या फाडण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला इतिहासही त्याच बाजूने दिसतो, हे आपण समजून घ्यालच.

प्रथम आजचे चित्र पाहू. उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्ट महिन्यात, इटलीतील एखाद्या डोंगराळ खेड्यात संध्याकाळी गेलात, तर चौकात लांबच लांब टेबले आणि बाके मांडलेली दिसतील. कडेला मांडव घालून तात्पुरते स्वयंपाकघर उभे केलेले असते. येणाऱ्याने आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यावयाची, ती वाढप्या पोराच्या हाती द्यावयाची आणि जागा मिळेल तेथे बसावयाचे. शेजारी ओळखीचा असो वा नसो. पदार्थ चारपाचच असतात आणि त्यांतला एक मुख्य. उत्सवाला नाव त्याचेच. कोठे अळंबी, कोठे चेस्टनट, कोठे रानडुकराचे मटण, तर कोठे पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट पिठले. रांधणाऱ्या गावातल्याच बायका, ताटे वाढणारी गावातलीच मुले, भट्टीपुढे घाम गाळणारे गावातलेच पेन्शनर. मजुरी कोणालाच नाही. जेवणानंतर वाजंत्री आणि नाच, मध्ये कोठे सोडत. खर्च वजा जाता उरेल ते गावच्या रुग्णवाहिकेला, बालवाडीला, देवळाच्या छपराला किंवा एखाद्या आपद्‌ग्रस्त कुटुंबाला. या उत्सवाला तिकडे ‘साग्रा’ म्हणतात.

शब्द जुना आहे. ‘पवित्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. गावच्या चर्चची प्रतिष्ठापना ज्या दिवशी झाली, त्या दिवसाचा वार्षिक उत्सव तो साग्रा. चर्चसमोरच्या पटांगणालाही त्याच मुळापासून ‘साग्रातो’ हे नाव पडले. म्हणजे आपल्याकडील जत्रा आणि भंडारा यांचीच ही जात. देवाचे निमित्त, बाजाराची सोय आणि त्या दिवशी सर्वांनी पोटभर जेवणे.

हे पोटभर जेवणे म्हणजे काय, ते समजण्यासाठी एरवीची उपासमार ध्यानात घेतली पाहिजे. मध्य इटलीत शतकानुशतके अर्धेलीची शेती होती. जमीन धन्याची, कष्ट कुळाचे आणि पिकाची वाटणी अर्धीअर्धी. अशा कराराने नवी कुळे ठेवण्यास कायद्याने बंदी झाली ती थेट १९६४ साली. उत्तरेस व्हेनेतो व लोंबार्दी प्रांतांत शेतमजुराच्या ताटात सकाळ-संध्याकाळ मक्याचा पोलेंटा आणि जवळजवळ दुसरे काहीच नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या माणसाला एक जीवनसत्त्व मिळत नाही आणि त्याला पेलाग्रा नावाचा रोग होतो. कातडी सोलते, हगवण लागते आणि शेवटी वेड लागते. १८८१ च्या पाहणीत इटलीत या रोगाचे एक लाखाहून अधिक रोगी आढळले. ज्या पोलेंटाचा आज उत्सव होतो, तो खाऊन ही माणसे वेडी झाली. साग्राच्या दिवशी ताटात मांसाचा तुकडा, मासा किंवा तळण दिसे, त्याचे मोल एवढ्यावरून ओळखावे.

पिएमोन्तेतील मोनास्तेरो बोर्मिदा या खेड्यात दर मार्चमध्ये पोलेंटाचा मोठा उत्सव होतो. त्याची आख्यायिका अशी की, १५७३ साली फिरस्ते तांबट बर्फात अडकून या गावी आले. भुकेने व्याकूळ झालेल्या त्या लोकांना तेथील सरदाराने पीठ दिले आणि त्यांनी कृतज्ञतेने एक प्रचंड कढई घडवून दिली. आख्यायिका आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु तिच्यातला व्यवहार पाहण्यासारखा आहे. सरदाराच्या कोठारात पीठ आहे, कारागिराच्या हातात कसब आहे आणि तरी बर्फ पडताच हात पसरतो तो कारागीर! दानाची गोष्ट ही नेहमी दात्याच्या दारापासून सुरू होते. कारागिराच्या पोटात अन्न का नव्हते, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न विचारला गेला एकोणिसाव्या शतकात. १८४८ साली पिएमोन्तेच्या राज्यात घटना मिळाली आणि सभा भरविण्याची मोकळीक आली. त्याच वर्षी पिनेरोलो येथे आणि १८५० साली तोरिनो म्हणजे ट्यूरिन शहरात कामगारांची परस्पर साहाय्य मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने थोडी थोडी वर्गणी द्यावयाची. कोणी आजारी पडला तर त्याला रोजचा भत्ता, मेला तर मर्तिकाचा खर्च, मागे राहिलेल्या विधवेला मदत. १८५४ साली तोरिनोच्या मंडळाने सभासदांसाठी धान्याचे दुकान काढले. इटलीतील ग्राहक सहकाराची सुरुवात ती हीच. १८८५ च्या सुमारास अशी मंडळे देशभर पाच हजारांच्या घरात गेली आणि १८८६ च्या कायद्याने त्यांना मान्यता मिळाली.

येथे आपला मॅझिनी पुन्हा भेटतो. राष्ट्रवादी मॅझिनी आपल्याला ठाऊक आहे. कामगारांचा मॅझिनी तितकासा ठाऊक नाही. लंडनमध्ये हद्दपारीत असताना १८४० च्या सुमारास त्याने तेथील इटालियन कामगारांचा संघ काढला, त्यांच्यासाठी पत्र चालविले, गरीब पोरांसाठी शाळा काढली. १८७१ साली, मृत्यूच्या अवघे काही महिने आधी, रोम येथे या परस्पर साहाय्य मंडळांचा बंधुत्वाचा करार झाला, त्यामागची प्रेरणा त्याचीच.

ही मंडळे वर्षातून एकदा एकत्र जेवीत. स्थापनेच्या दिवशी निशाण घेऊन मिरवणूक आणि नंतर पंगत. बाहेरून पाहणाऱ्याला हे जेवण आणि धन्याने घातलेले जेवण सारखेच दिसेल. पण दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. धन्याच्या पंगतीत बसणारा पाहुणा असतो किंवा याचक. वर्गणीच्या पंगतीत बसणारा यजमानही असतो. त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. आजच्या साग्राच्या गल्ल्यावर जी चिठ्ठी मिळते, तिच्यात मला या जुन्या पावतीचे रक्त दिसते.

याच काळात गावोगावी कामगारांनी ‘सार्वजनिक साहाय्य’ या नावाची पथके उभारली. जखमी माणसाला डोलीतून किंवा हातगाडीवरून रुग्णालयात पोचवावयाचे, हे त्यांचे काम. धार्मिक मंडळे हे काम पूर्वीपासून करीत. फ्लोरेन्सची ‘मिझेरिकोर्दिया’ ही संस्था आपला उगम १२४४ सालापर्यंत नेते. नवी पथके मात्र चर्चपासून अलग, मजुरांच्या वर्गणीवर चालणारी होती. १९०४ साली त्यांचा संघ झाला. आजही अनेक गावांची रुग्णवाहिका अशाच एखाद्या संस्थेची असते आणि तिच्या नव्या गाडीसाठी उन्हाळ्यात साग्रा भरतो.

यापुढचा अध्याय दुःखाचा आहे. १९२१-२२ साली फॅसिस्ट टोळ्यांनी कामगार भवने आणि लोकगृहे जाळली. १९२६ साली संप हा गुन्हा ठरला. परंतु हुकूमशहा नुसता जाळीत नाही. जे लोकांना प्रिय आहे ते तो आपल्या नावावर करून घेतो. १९२५ साली ‘दोपोलाव्होरो’, म्हणजे कामानंतरच्या वेळेची राष्ट्रीय संस्था निघाली आणि करमणूक, सहली, गावचे उत्सव तिच्या छत्राखाली गेले. १९३० साली सरकारने साऱ्या देशात द्राक्षोत्सव सुरू करविला. द्राक्षांचा खप वाढावा हा त्यातला हेतू होता. १९३१ पासून ऑगस्टमध्ये स्वस्त भाड्याच्या आगगाड्या सुटू लागल्या. सार्वजनिक साहाय्य पथकांची कामे आणि मालमत्ता १९३० च्या फर्मानाने रेड क्रॉसकडे वळविण्यात आली. जेवण राहिले, वाद्ये राहिली, झेंडेही राहिले. गेला तो हिशेब विचारण्याचा अधिकार. तेव्हा गावची पंगत ही आपोआप लोकशाहीची पाठशाळा होते, असे मानणारांनी ही वीस वर्षे विसरू नयेत. पंगत कोणाच्याही कामी येते.

दुसऱ्या महायुद्धात याच डोंगरांतून आपली माणसे लढत गेली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाहून आणले आणि तोच सन्मान मिळविला. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. उंब्रियातील मोन्तोने या लहानशा गावात २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवर चालणारे घड्याळ, उभारले गेले. माणगावच्या शेतकऱ्याच्या पोराचे नाव इटलीतल्या गावच्या चौकात कोरले जावे, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून वाट वाकडी करून सांगितली.

युद्ध संपले आणि दबलेली पंगत पुन्हा उसळून वर आली. २ सप्टेंबर १९४५ रोजी कोमोजवळच्या मारियानो कोमेन्से या गावी ‘लुनिता’ या कम्युनिस्ट दैनिकाचा पहिला उत्सव भरला. फ्रान्समधील कामगारांचे पत्र १९३० पासून असा मेळा भरवीत असे, त्याचा हा कित्ता. ग्राम्शीने १९२४ साली काढलेले हे पत्र चालावे म्हणून स्वयंसेवकांनी रांधावयाचे, लोकांनी पैसे देऊन खावयाचे आणि नफा पत्राला. पुढे एमिलिया आणि तोस्काना प्रांतांत या उत्सवांचे मोठे प्रस्थ झाले. तो पक्ष १९९१ साली विसर्जित झाला, पण मोठमोठी कढई चालविण्याची, शेकडो पाने एका वेळी वाढण्याची आणि रात्री बारा वाजता गल्ला मोजून ताळा जमविण्याची जी विद्या हजारो साध्या माणसांच्या हाती आली, ती राहिली. चर्चची मंडळेही आपले उत्सव भरवीत होतीच. एकाच गावात दोन भट्ट्या पेटत आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींची परात मागून नेत, ही इटलीच्या खेड्यांची खरी रीत.

आता साग्रा ऑगस्टमध्येच का गर्दी करतो? पंधरा ऑगस्ट हा मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि ‘फेर्रागोस्तो’ हे त्याचे लौकिक नाव ऑगस्टस बादशहाच्या सुट्ट्यांवरून आलेले. पण मोठे कारण निराळे आहे. १९५० ते १९७० या वीस वर्षांत डोंगरातली गावे ओस पडली. माणसे तोरिनोच्या मोटारींच्या कारखान्यांत गेली, मिलानला गेली, बेल्जियमच्या खाणींत आणि जर्मनीत गेली. कारखाने ऑगस्टमध्ये बंद राहत आणि माणसे गावाकडे परतत. भरपगारी रजा हा हक्क आहे आणि कामगाराला तो स्वतःहून सोडताही येणार नाही, असे इटलीच्या १९४८ च्या घटनेच्या ३६ व्या कलमात लिहिले आहे. कोकणातली गिरणी कामगाराची गावे शिमग्या-गणपतीला जशी भरत, तशीच ती गावे ऑगस्टमध्ये भरत. आज आपण ज्याला प्राचीन परंपरा म्हणतो, त्या पुष्कळशा साग्रांचा जन्म या काळातला आहे. गावच्या ‘प्रो लोको’ मंडळाने, म्हणजे ग्रामहितासाठी काढलेल्या स्वयंसेवी समितीने, एक पदार्थ निवडावा आणि त्याभोवती परतणाऱ्यांना गोळा करावे, असे घडले. अशा मंडळांचा राष्ट्रीय संघ १९६२ साली झाला. परंपरा नवी आहे म्हणून खोटी ठरत नाही. ज्या गरजेतून ती निघाली ती गरज खरी होती.

अशा एका गावाची कथा सांगून मी आजच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. गावाचे नाव आमात्रिचे. शेवटचा ‘चे’ नावातलाच, आपला षष्ठीचा प्रत्यय नव्हे! रोमच्या ईशान्येस अपेनाइन डोंगरात, मेंढपाळांचा हा मुलूख. मेंढीच्या दुधाचे चीज आणि डुकराच्या गालाचे खारवून वाळविलेले मांस, एवढी शिदोरी घेऊन मेंढके महिनोन् महिने हिंडत. त्या दोहोंची शेवयांशी गाठ पडली, अठराव्या शतकानंतर त्यांत टोमॅटो आला आणि ‘आमात्रिचाना’ हा पदार्थ झाला. मेंढपाळी उतरणीला लागली तशी तेथली माणसे रोममध्ये जाऊन खाणावळी चालवू लागली, आचारी झाली. रोममधील एका गल्लीला त्यांचेच नाव आहे. गरिबाची शिदोरी राजधानीची मेजवानी झाली, ती अशी पोटासाठी गाव सोडलेल्यांच्या हातून.

या गावाच्या साग्राचे पन्नासावे वर्ष २०१६ साली होते. २७ आणि २८ ऑगस्ट हे दिवस ठरले होते. गावची वस्ती अवघी अडीच-पावणेतीन हजार. पण सुट्टीसाठी परतलेले लेक-जावई, आजीआजोबांकडे आलेली नातवंडे यांनी घरे भरली होती. २४ ऑगस्टला पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी ६ प्रतीचा भूकंप झाला. जुने गाव जवळजवळ सगळे कोसळले. घड्याळाचा मनोरा तेवढा उभा राहिला. आसपासच्या गावांसह २९९ माणसे मेली, त्यांतली दोनशेहून अधिक एकट्या आमात्रिचे गावात. उत्सवाने ज्यांना बोलावले होते, त्यांतले कित्येक उत्सवाच्या तीन दिवस आधी गेले.

किल्लारी आठवल्यावाचून आपल्याला पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची चार वाजण्यापूर्वीची वेळ, आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून निजलेली गावे. येथे आणि तेथे माणसे मारली ती भूकंपापेक्षा घरांनी. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, सांध्यांत कच्चा माल आणि वर जड छत, हा दोन्हीकडचा दोष एकच.

त्यानंतर जे घडले ते साग्राच्या इतिहासातले आगळे पान आहे. गावात साग्रा होणे शक्यच नव्हते. तो देशभर झाला. इटलीतील आणि बाहेरील शेकडो खाणावळींनी ठरविले की आमात्रिचानाच्या प्रत्येक ताटामागे दोन युरो, एक जेवणाऱ्याचा आणि एक मालकाचा, रेड क्रॉसच्या मदतीला जावेत. गावोगावच्या उत्सवांत त्या उन्हाळ्यात हीच एक कढई चढली. ज्यांनी ते गाव कधी पाहिले नव्हते, ते त्याच्या नावाचे ताट पुढे घेऊन बसले. २०१७ साली लोकांच्या देणग्यांतून आमात्रिचे येथे लाकडी इमारतींचे एक आवार उभे राहिले. वास्तुकार स्तेफानो बोएरी यांनी त्याची आखणी केली आणि गावातल्या पडलेल्या आठ खाणावळींनी तेथे पुन्हा चुली पेटविल्या. देणगीतून नुसते अन्न न देता रोजगार परत द्यावा, ही दृष्टी मला मोलाची वाटते.

परंतु एवढ्यावर टाळ्या वाजवून उठणे बरोबर होणार नाही. त्या गावची शाळा २०१२ साली पैसे खर्चून दुरुस्त केलेली होती, तीही कोसळली. सुदैवाने सुट्टी होती. भूकंपानंतर पाच वर्षे उलटली तरी जुन्या गावठाणाचा बहुतेक भाग मोकळे मैदानच होता. दोन युरोंच्या ताटांनी गाव बांधून होत नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही करू नये. भिंत भक्कम असणे हा दानाचा विषय नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे आणि त्याची जबाबदारी सरकारची आहे. इटलीच्या कामगारांनी ही गोष्ट आजारपणाच्या बाबतीत ओळखली होती. १८४८ मध्ये जे आपल्या पैपैशाने सुरू केले, ते १९७८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा होऊन प्रत्येकाचा हक्क ठरले. वर्गणीचे सार्थक यातच असते. आज आपण आपसांत भागवू, पण उद्या ते सर्वांना कायद्याने मिळाले पाहिजे. तो उद्याचा भाग विसरला की वर्गणीचे पुन्हा दान होते आणि सरकार निवांत झोपते.

दुसरा प्रश्न श्रमाचा. इटलीतील खाणावळवाले तक्रार करतात की, साग्राच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे विनामजुरीची, सवलतीची खानावळ चालते आणि पगारी आचाऱ्याच्या पोटावर पाय येतो. ही तक्रार स्वार्थी म्हणून झटकून टाकता येत नाही. आपल्या गावच्या रुग्णवाहिकेसाठी चार रात्री राबणे ही सेवा आहे. त्याच राबण्यावर एखाद्या कंत्राटदाराने नफा काढणे ही वेठ आहे. दोहोंतील फरक कढईत दिसत नाही, तो वहीत दिसतो. म्हणूनच शिल्लक किती राहिली आणि ती कोणाला दिली, हा आकडा जो गाव चौकात लावतो, त्याचा साग्रा मी खरा मानतो.

आपल्याकडेही भंडारे होतात, महाप्रसाद होतात, आपत्तीत मदतफेऱ्या निघतात. आणि त्यांत देणाऱ्यांचे हात कधी कमी पडलेले नाहीत. या इटालियन खेड्यांकडून घेण्यासारखे आहे ते एवढेच की, वाढणारा आणि जेवणारा यांच्यामध्ये उंचसखलपणा नसावा, हिशेब उघडा असावा, आणि पंगत उठल्यावर चार माणसांनी मागे थांबून पुढची मागणी कोणाकडे करावयाची तेही ठरवावे. आपल्या गावच्या पुढच्या महाप्रसादाचा जमाखर्च मागून पाहा. मागताना कोणी रागावले नाही, तर समजा की तो उत्सव आपल्या सर्वांचा आहे.